बशीतली पेशी आणि बाजारातला बिबा

बिबे फोडण्याचे दिवस आले की आमच्या विदर्भात बायांचे हात पाहावेत. टरफल फुटताना तेलाचा थेंब उडाला की कातडी काळी पडते, फोड येतात. बिबा उतला म्हणतात. पैसे मिळतात ते आतल्या गोडंबीचे. ‘बिबा कॅन्सर जाळतो’ असं छातीठोकपणे सांगणारेही आठवडी बाजारात भेटतात, आणि गंमत म्हणजे प्रयोगशाळेत ते अगदीच खोटं ठरत नाही. बिब्याच्या अर्काने बशीतल्या कॅन्सरपेशी मरतात. पण धडधाकट कातडी जाळणारं तेल त्यांना सोडेल कशाला?

तपासणी होते 96 खळग्यांच्या प्लास्टिक प्लेटमध्ये. 37 अंशांवर पेशी वाढवायच्या, खळग्यागणिक अर्काची मात्रा वाढवत न्यायची, एक-दोन दिवस थांबायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. जिवंत पेशी त्याला जांभळं करते, मेलेली करत नाही. जांभळा जितका फिका, तितक्या पेशी कमी. यात एक मेख आहे: काही वनस्पतींचे अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करून टाकतात. म्हणून काही खळग्यांत नुसता अर्क ठेवावा लागतो. अर्क ज्या डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, तेही जास्त झालं तर पेशी मारतं. त्याचेही खळगे वेगळे.

निम्म्या पेशी मारायला पुरणारी मात्रा म्हणजे आयसी50. ‘अमुक पाला कॅन्सरवर गुणकारी’ अशी बातमी आली की हाच आकडा मिरवला जातो. मी मात्र आधी शेजारचा आकडा शोधतो: निरोगी पेशी मारायला किती लागलं? दोन्ही सारखेच असतील तर तो बिबाच झाला, औषध नव्हे.

आपल्या अंगणातली सदाफुली या चाळणीतून पार पडली, तीही अपघाताने. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक तिच्यात मधुमेहावरचा गुण आहे का ते बघत होते. उंदरांची साखर काही हलली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती लागलं, पुढे व्हिन्क्रिस्टिन. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढणाऱ्या दोऱ्या हे रेणू तयारच होऊ देत नाहीत, आणि भराभर दुभंगणारी पेशी मध्येच अडकून मरते.

व्हिन्क्रिस्टिन थेट शिरेतून देतात, मोठ्या माणसाला एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या आत. तेवढ्यानेही हातापायांना मुंग्या येतात. गावात मात्र सदाफुलीची पानं मूठ-मूठ उकळली जातात.