शाळेत मुलांच्या मनाकडे बघायचं कुणी? थोडी पार्श्वभूमी

रेझिलियन्सला, म्हणजे संकटातून सावरून उभं राहण्याच्या ताकदीला, मराठीत कुणी लवचिकता म्हणतं कुणी चिवटपणा, आणि दोन्ही शब्दांत सगळा भार पोरावरच येतो, की तू वाक, तू तग धर. मूळ अभ्यासात तसं नव्हतं. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेली मुलं मोठी होईपर्यंत बघितली गेली, त्यात गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं अशा वातावरणातली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली, आणि त्यांना घरात नाहीतर बाहेर मायेचं एक तरी मोठं माणूस मिळालं होतं. आजी, शेजारी, शाळेतल्या बाई, कुणीही.

पुढे 1990 पासून अमेरिकेत डिप्रेशनकडे झुकणाऱ्या मुलांना हीच ताकद शिकवणारे वेगळे वर्ग निघाले, मग आनंद, कुतूहल यांनी मनाची शिदोरी साठते अशी मांडणी 1998 ला आली, आणि दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 ला हॅपिनेसचा रोजचा तास.

आपल्याकडचा खरा वाद मात्र शिकवणार कोण हा. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत गोव्यातल्या एका संस्थेने हे तपासून बघितलं. काही शाळांत तिथलेच शिक्षक, काही शाळांत मानसोपचाराची डिग्री नसलेला पण ट्रेनिंग दिलेला माणूस, ज्याचं पदच मुळी ‘मित्र’. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, आणि एकट्याने येऊन बोलायची सोय, काम दोघांनाही तेच दिलेलं. मित्रवाल्या शाळांत नववीच्या मुलांची उदासी कमी झाली, दादागिरीही घटली, शिक्षकवाल्या शाळांत जवळपास काहीच नाही. हा निकाल 2018 चा. आणि 2020 मध्ये केंद्राने सरकारी शाळांतल्या आरोग्याच्या योजनेत या कामासाठी देशभर निवडले कोण, तर प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक! कारण उघड आहे, मित्राला पगार द्यावा लागतो. आधीच जनगणना, निवडणूक, पोषण आहार सांभाळणाऱ्या गुरुजींवर अजून एक काम, आणि ज्या गुरुजींच्या हातात मार्क आहेत त्यांच्यापाशी पोरगं मन कसं मोकळं करणार हो?

ब्रिटनमध्येही तेच झालं, 85 शाळांत शिक्षकांकडून माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे, आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायचा सराव, शिकवून बघितलं, 2022 च्या निकालात नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, उलट आधीच त्रासात असलेल्या मुलांना ते मानवत नसल्याची चिन्हं दिसली.

जुलै 2025 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक क्वालिफाइड समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमा. छोट्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचंय. नालंदातला मित्र या व्याख्येत बसत नाही.