चिइकावा : गोंडस जिवांच्या रोजंदारीमागचा इतिहास

‘मेझामाशी टीव्ही’ हा जपानच्या फुजी टीव्ही वाहिनीवरचा सकाळचा बातम्यांचा कार्यक्रम १९९४ पासून चालू आहे. नोकरदार आणि शाळकरी मुले घराबाहेर पडण्याच्या गडबडीत असतात, त्या वेळेत तो लागतो. ४ एप्रिल २०२२ पासून या कार्यक्रमातच ‘चिइकावा’ या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेचे जेमतेम एक-दीड मिनिटाचे भाग दाखवले जाऊ लागले. चिइकावा हा फारसे बोलता न येणारा, चटकन रडणारा पांढरा पिटुकला जीव आहे. हाचीवारे हा त्याचा मांजरासारखा दिसणारा, बोलका मित्र, आणि उसागी हा सतत काहीतरी निरर्थक ओरडत फिरणारा ससा. हे तिघे खातात, पितात, झोपतात, एकमेकांना धीर देतात आणि पोटासाठी काम करतात. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण गोंडस प्राण्यांना पोटाची चिंता लागेपर्यंत जपानी लोकप्रिय संस्कृतीने बराच लांबचा पल्ला गाठला होता.

या पल्ल्याची सुरुवात भेटवस्तूंच्या धंद्यात सापडते. शिंतारो त्सुजी यांनी १९६० मध्ये ‘यामानाशी सिल्क सेंटर’ ही कंपनी काढली. साध्या रबरी चपलांवर फुले रंगवली की त्यांचा खप वाढतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी वस्तूपेक्षा वस्तूवरच्या चित्राकडे अधिक लक्ष द्यायला सुरुवात केली. हीच कंपनी १९७३ मध्ये ‘सॅनरिओ’ झाली आणि १९७४ मध्ये युको शिमिझु यांनी तिच्यासाठी ‘हॅलो किटी’ रेखाटली. किटीला तोंड नव्हते आणि पाठीशी कोणती मोठी कथाही नव्हती, तरी नाणी ठेवायच्या छोट्या पाकिटापासून वह्या-पेन्सिलींपर्यंत ती सर्वत्र पोहोचली. शाळकरी मुलींनी याच दशकात गोलगरगरीत, चित्रवजा हस्ताक्षर रूढ केले होते आणि अनेक शाळांनी त्यावर बंदीही घातली होती. थोडक्यात, गोंडसपणा ही तेव्हा मुलींची आणि खाऊच्या पैशांची गोष्ट होती.

पुढच्या वीस वर्षांत त्याच मुली मोठ्या होऊन नोकरीला लागल्या आणि देशाची परिस्थितीही पालटली. १९९० च्या दशकाच्या आरंभी जमिनी आणि शेअर यांच्या भावांचा फुगा फुटला. जानेवारी १९९५ मध्ये कोबे परिसरात भीषण भूकंप झाला आणि दोनच महिन्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सरीन हा विषारी वायू सोडला. मनाला उभारी, विसावा देणाऱ्या वस्तू, संगीत आणि चित्रे यांची मागणी या काळात एकाएकी वाढली. सॅन-एक्स कंपनीचा ‘तारेपांडा’ हा जमिनीवर अक्षरशः पसरून पडलेला पांडा याच वाटेने लोकप्रिय झाला. त्याच कंपनीसाठी आकी कोंडो यांनी २००३ मध्ये ‘रिलाक्कुमा’ हे अस्वल आणले. कार्यालयात काम करणाऱ्या एका तरुणीच्या घरात ते न विचारता येऊन राहते आणि दिवसभर लोळते. गोंडस चित्रांचा ग्राहक आता कोण होता, हे या मांडणीवरून उघडच दिसते.

माझ्या मते खरे वळण २०१२ मध्ये आले. युरी योकोमिझो यांच्या ‘सुमिक्को गुराशी’ मधला प्रत्येक जीव खोलीच्या कोपऱ्यात बसणे पसंत करतो, आणि त्यामागे त्याचे काही ना काही दुःख असते. पांढऱ्या अस्वलाला थंडी सोसत नाही म्हणून ते उत्तरेकडून पळून आले आहे. आपण खरोखर पेंग्विन आहोत का, अशी शंका एका पेंग्विनला आहे. आणि तळलेल्या मांसाच्या तुकड्याचा चरबीने भरलेला शेवटचा भाग कोणी न खाल्ल्यामुळे ताटात उरला आहे. सॅनरिओनेही २०१३ मध्ये आळसावलेले अंडे ‘गुदेतामा’ आणले आणि नंतर कार्यालयातला राग रात्री गाण्यातून ओकणारी ‘ॲग्रेत्सुको’ आणली. गोंडस जीव सांत्वन करणारे होते, ते आता स्वतःच सांत्वनाची गरज असलेले झाले.

दैनंदिन जीवनाच्या कथांचा प्रवाह याहून जुना आहे. माचिको हासेगावा यांची ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची कौटुंबिक चित्रमालिका १९४६ मध्ये वृत्तपत्रातून सुरू झाली आणि तिच्यावर आधारित ॲनिमे १९६९ पासून फुजी टीव्हीवरच चालू आहे. फारसे काही न घडणाऱ्या कथेला वर्षानुवर्षे प्रेक्षक मिळू शकतो, हे तिने सिद्ध केले. चिइकावाचे ॲनिमे करणारा १९७३ मध्ये स्थापन झालेला डोगा कोबो हा स्टुडिओ अलीकडच्या काळात अशाच हलक्याफुलक्या दैनंदिन कथांसाठी ओळखला जातो.

मूळ कल्पना मात्र स्टुडिओची नव्हे. नागानो या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराने आपली ओळख जाहीर केलेली नाही. लाईन या संदेश-ॲपवरच्या स्टिकरांमधले नागानो यांचे अस्वल आधीपासूनच लोकप्रिय होते. काहीतरी लहान आणि गोंडस होऊन सुखात जगावेसे वाटते, अशा आशयाची चित्रे नागानो यांनी २०१७ मध्ये ट्विटरवर टाकली. त्यांतूनच या पात्राला ‘नांका चीसाकुते कावाई यात्सु’ (काहीतरी लहान आणि गोंडस असा जीव) असे लांबलचक नाव मिळाले आणि त्याचे लघुरूप ‘चिइकावा’ झाले. जानेवारी २०२० मध्ये या चित्रमालिकेचे ट्विटरवर स्वतंत्र खाते सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२१ पासून कोदानशा प्रकाशनाने तिचे खंड काढले. कोरोनाच्या साथीच्या काळात घरात अडकलेल्या वाचकांना रोजचा हा छोटा हप्ता सवयीचा झाला असावा, असे मानायला जागा आहे.

सुखात लोळण्याच्या त्या इच्छेचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. चिइकावाच्या जगात चिलखत घातलेली माणसे कामांचे वाटप करतात आणि त्या दिवसाची मजुरी देतात. काम एक तर गवत उपटण्याचे, नाहीतर दैत्यांचा बंदोबस्त करण्याचे. गवत उपटण्यासाठीही परीक्षा असते. हाचीवारे ती उत्तीर्ण होतो, चिइकावा नापास होतो आणि पुन्हा अभ्यासाला बसतो. हाचीवारेचे घर म्हणजे एक गुहा. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की ज्या दैत्यांशी लढायचे, त्यांतले काही पूर्वी याच लहानग्यांपैकी होते, असे कथेत सूचित होते. जपानमध्ये १९९९ आणि २००४ च्या कायदेबदलांनी कंत्राटी मनुष्यबळाचा वापर सोपा केला आणि आज तिथल्या नोकरदारांपैकी तिघांत एकाहून अधिक जण अनियमित स्वरूपाच्या कामावर आहेत. नागानो यांनी यावर भाष्य करायचे ठरवले होते, असा दावा मी करणार नाही. पण परीक्षेत नापास झालेल्या चिइकावाचे रडणे प्रौढ वाचकांना इतके जवळचे का वाटले, याचे उत्तर याच परिस्थितीत शोधावे लागते.

बाजाराने ही जवळीक चटकन हेरली. जपान कॅरेक्टर पुरस्कारांमधला सर्वोच्च मान या मालिकेला २०२२ आणि २०२४ मध्ये मिळाला. मार्च २०२४ मध्ये शांघाय येथे मिनिसो या किरकोळ विक्री करणाऱ्या कंपनीने मांडलेल्या चिइकावाच्या वस्तूंच्या विक्रीला मोठ्या रांगा लागल्या. मे २०२५ मध्ये जपानी मॅकडोनाल्ड्सच्या मुलांच्या जेवणासोबत दिलेली चिइकावाची खेळणी पुनर्विक्रीवाल्यांच्या घाऊक खरेदीमुळे लवकर संपली आणि कंपनीला माफी मागावी लागली.

मूळ चित्रमालिकेत दरम्यान मोठी कथानके येऊ लागली होती. २०२३ मध्ये अनेक महिने चाललेल्या बेटाच्या कथानकात शंभरपट मजुरीचे आमिष दाखवणाऱ्या पत्रकाला भुलून ही मंडळी समुद्रापलीकडे जातात. तिथे जलपरीचे मांस खाल्ल्याचे रहस्य, त्याचा सूड आणि निरपराधांवरचा संशय अशा गोष्टी त्यांच्यासमोर उलगडत जातात. याच कथानकावरचा चित्रपट २०२६ साठी जाहीर करण्यात आला.