चेहरा न विसरणारे पोलीस : या कौशल्याचा मागोवा

माघात बेळगाव जिल्ह्यातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडून माणसांचा लोंढा येतो. कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदलतं, पोलीस बदलतात, ठाण्यातली कागदपत्रं कन्नडमध्ये जातात. अशा गर्दीत एखाद्या हवालदाराने ‘याला मागं निपाणी स्टँडवर पाहिलंय’ म्हटलं, तर त्यावर किती भरवसा ठेवायचा?

पूर्वी फारसा ठेवत नसत. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हाच, १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. आठवण चुकते, ठसा चुकत नाही, ही त्यामागची धारणा.

चेहऱ्याकडे विज्ञान वळलं ते उलट बाजूने. ओळखीचे चेहरेही ओळखू न येणाऱ्यांचा अभ्यास चालू असताना, ‘आमचं नेमकं उलटं आहे’ म्हणणारी माणसं संशोधकांना भेटली. रसेल, ड्यूशेन आणि नाकायामा यांनी त्यातल्या चौघांना तपासून २००९ मध्ये ‘सुपर रेकग्नायझर’ हे नाव दिलं. त्यांतल्या एकीने पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात वाढप करणारी बाई रस्त्यात ओळखली होती! पुढच्याच वर्षी जुळ्यांच्या अभ्यासातून हे कौशल्य बरंचसं उपजत असल्याचं दिसलं.

ऑगस्ट २०११ च्या दंगलीनंतर लंडन पोलिसांपुढे सीसीटीव्ही चित्रणाचा डोंगर होता. एका शिपायाने त्यातून दीडशेहून अधिक संशयित ओळखले. २०१५ मध्ये तिथे अशा पोलिसांचं स्वतंत्र पथकच उभं राहिलं. पुढे चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर खूप सुधारलं, तरी २०१८ च्या एका अभ्यासात सर्वांत अचूक निकाल माणूस आणि यंत्र मिळूनच आले.

आपल्याकडेही शिपायांची चेहरे ओळखण्याची चाचणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पण ती आपल्या तोंडवळ्यांची हवी. माणूस ज्या लोकांत वाढतो त्यांचे चेहरे त्याला जास्त नीट ओळखू येतात. गोऱ्या चेहऱ्यांच्या परीक्षेत आपला हुशार शिपाई नाहक मागे पडेल.

शिवाय अशी ओळख म्हणजे तपासाचा धागा, पुरावा नव्हे. साक्षीदाराने ओळख परेडमध्ये बोट दाखवलं तरी आपली न्यायालयं तिला केवळ पूरक पुरावा मानतात. तीही परेडआधी चेहरा दिसला असेल तर कुचकामी ठरते. अटकेतल्या माणसाला तोंडावर बुरखा घालून नेतात, ते त्यासाठीच.