अक्कलदाढ काढल्यानंतरचा आहार

अक्कलदाढ, म्हणजे जबड्याच्या टोकाची तिसरी दाढ, शस्त्रक्रियेने काढल्यावर साधारण दोन आठवडे पाळायचा आहार. ही दाढ हिरडीखाली किंवा हाडात अडकलेली असली तर हिरडीला छेद देऊन, कधी थोडे हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते आणि टाके पडतात. साधी किडकी दाढ काढल्यावर येते त्यापेक्षा सूज जास्त येते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत मोठी असते, जबडा आखडतो आणि तोंडात जेमतेम चहाचा चमचा जातो.

दाढेच्या रिकाम्या खोबणीत रक्त साकळून गुठळी धरते. ही गुठळी खालचे उघडे हाड आणि मज्जातंतूंची टोके झाकते, आणि तिच्या आधारानेच नवे मांस भरून येते. ती निसटली किंवा वेळेआधी विरघळली तर 'ड्राय सॉकेट' होते. दोन दिवस बरे वाटलेले असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाएकी ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत चढतो, तोंडाला घाण वास येतो, साध्या वेदनाशामक गोळीने भागत नाही. खालच्या दाढेत हे जास्त होते. खोबण धुऊन औषधी पट्टी भरणे हा त्यावरचा उपाय आणि तो दंतवैद्यानेच करायचा. खाण्यापिण्याचे बहुतेक निर्बंध ही गुठळी सांभाळण्यासाठी असतात.

पहिले 24 तास

तोंडात दिलेला गॉझचा बोळा 45 मिनिटे ते तासभर घट्ट चावून धरायचा. तोवर काही खायचे नाही. भूल उतरायला तीन ते पाच तास लागू शकतात. ओठ आणि जीभ बधिर असताना खाल्ले तर ओठ चावला गेलेला कळत नाही, गरम पदार्थाने तोंड पोळलेले कळत नाही. लहान वयाच्या रुग्णांवर या काळात लक्ष ठेवावे लागते. त्यानंतर गार किंवा साध्या तापमानाचे, न चावता गिळता येईल असे खाणे द्यावे: दही, ताक, दूध, गार पेज, शहाळ्याचे पाणी, सुकामेवा नसलेले साधे आइस्क्रीम. गरम चहा-सूप या दिवशी नको, त्याने रक्त पुन्हा वाहू लागते.

ओढून पिणे मात्र पूर्ण बंद. स्ट्रॉ वापरू नये हे बहुतेकांना सांगितलेले असते, पण तोंडात ओढ निर्माण करणाऱ्या बाकीच्या सवयी लक्षात येत नाहीत. बशीतला चहा भुरके मारत पिणे, आमटी ओरपणे, आंबा चोखणे, चोखून प्यायची बाटली वापरणे, या सगळ्यांत तीच ओढ असते. शहाळे पेल्यात ओतून घ्यावे. खळखळून चूळ भरणे आणि पिंक टाकल्यासारखे थुंकणेही टाळावे. लाळ गुलाबी दिसणे पहिल्या दिवशी स्वाभाविक आहे. ती गिळावी किंवा अलगद बाहेर वाहू द्यावी.

दुसऱ्या दिवसापासून

आता खाणे कोमट चालते. थेंब मनगटावर टाकून चटका लागला नाही तर तेवढे तापमान योग्य. मऊ भात-मेतकूट-तूप, पातळ मुगाची खिचडी, दुधातले नाचणी सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडून लगदा केलेला भोपळा किंवा बटाटा, मऊ शिजवलेली अंडी असे पदार्थ घ्यावेत. चमचा लहान असावा आणि घास शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूला ठेवावा. दोन्ही बाजूंच्या दाढा एकदम काढल्या असतील तर सूज उतरेपर्यंत चावायचे खाणे लांबच ठेवावे.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे चार-पाच दिवस नुसत्या पेजेवर आणि आइस्क्रीमवर काढणे. पोट भरते, पण जखम भरायला प्रथिने लागतात. 30 ग्रॅम तांदळाच्या वाटीभर पेजेत जेमतेम 2 ग्रॅम प्रथिने असतात. दिवसातून चार वाट्या घेतल्या तरी 8 ग्रॅम. 60 किलो वजनाच्या निरोगी माणसाची रोजची गरजच 50 ग्रॅमच्या आसपास असते, आणि जखम भरत असताना ती कमी होत नाही. चौथ्या दिवशी येणारी गळाठा आणि चक्कर पुष्कळदा याच उपासमारीची असते.

खिचडीचे माप बदलले की निम्मे काम होते. नेहमी तांदूळ जास्त आणि डाळ कमी असते. इथे दोन्ही सारखे घ्यावे. एका वेळेसाठी 40 ग्रॅम तांदूळ, 40 ग्रॅम सालरहित मूगडाळ, पाच-सहा पट पाणी, हळद आणि मीठ घालून कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात. मग रवीने घोटून वर चमचाभर तूप सोडावे. यातून 12 ते 13 ग्रॅम प्रथिने मिळतात. फोडणीत मोहरी नको: तिचा दाणा खोबणीत जाऊन बसतो आणि सहज निघत नाही. जिरे-हिंगाची फोडणी हवी असेल तर तूप गाळून घालावे.

दिवसाचा हिशेब असा बसतो: दोन वेळा ही खिचडी, 200 मिलीलिटर दुधात शिजवलेले नाचणी सत्त्व, दोन अंडी, 150 ग्रॅम दही आणि रात्री आणखी 200 मिलीलिटर दूध. एवढ्यात सुमारे 54 ग्रॅम प्रथिने होतात. अंडी न खाणाऱ्यांनी 70 ग्रॅम पनीर दुधात वाटून घ्यावे. कोल्हापूरकडे अशक्त माणसाला मटणाचे अळणी पाणी देतात. ते चवीला चांगले आणि तिखट नसल्याने जखमेला सोसते, पण प्रथिने मुख्यतः मांसातच राहतात. म्हणून मऊ शिजलेले मांस बारीक वाटून त्यातच मिसळावे.

भाताने आणि दह्याने जखमेत पू होतो, ही समजूत घराघरांत आहे. तिला आधार नाही, आणि ती पाळली की रुग्णाच्या ताटातले दोन सर्वांत सोयीचे पदार्थ जातात.

काय अडकते, काय टोचते

चिवडा, शेव, पापड, कुरमुरे आणि टोस्टची कड पहिले दोन आठवडे नको. भाकरीचा पापुद्रा दुधात पूर्ण भिजवल्याशिवाय नको. तीळ, खसखस, राजगिरा, दाण्याचे कूट, पेरूच्या आणि स्ट्रॉबेरीच्या बिया खोबणीत अडकतात. फळे वाटून घेतली तरी बारीक बिया तशाच उरतात, त्यामुळे गाळणी हवीच. मिरची, लिंबू, चिंच, कोकम यांनी उघडी हिरडी झोंबते.

24 तासांनंतर प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, डोके हळूच एका बाजूला कलवत तोंड धुवावे. खोबणीत हळद, लवंग किंवा तुरटी दाबून भरू नये. मिश्री, गुटखा, तंबाखू आणि सिगारेट जखम भरेपर्यंत बंद. मिश्री बोटाने घासताना गुठळी निसटण्याचा धोका असतो आणि तंबाखूने जखम भरणे लांबते.

औषधे आणि खाणे

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की जळजळ होते. आधी अर्धी वाटी मऊ भात किंवा दही पोटात जाऊ द्यावे. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाने (जंतुसंसर्गावरचे औषध) तोंडाला धातूसारखी कडवट चव येते. अन्न बिघडलेले नसते, गोळ्या संपल्यावर चव परतते. तिच्यासोबत आणि ती संपल्यावर तीन दिवस मद्य घेऊ नये. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक असेल तर ती गोळी आणि दूध-दही यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

मधुमेह असलेल्यांनी कमी खाण्याच्या दिवसांत इन्सुलिनचा किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा डोस किती घ्यायचा हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावे. नेहमीचा डोस आणि वाटीभर पेज यांनी रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. घाम, थरथर, घाबरे वाटणे अशी लक्षणे दिसली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी.

पुढचा टप्पा आणि धोक्याच्या खुणा

चौथ्या ते सातव्या दिवसात इडली, दुधात कुस्करलेली पोळी, मऊ उपमा, काटे नीट काढलेला मासा सुरू करता येतो. तोंड किती उघडते हे रोज बघावे. दोन बोटे उभी मावू लागली की घास वाढवावा. न विरघळणारे टाके साधारण आठवड्याने काढतात. हिरडी मिटायला तीन-चार आठवडे आणि आतले हाड भरायला काही महिने लागतात. खळगा असेपर्यंत त्यात अन्न साठतच राहते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, दंतवैद्याने सांगितल्यास, सुई नसलेल्या सिरिंजने कोमट मिठाचे पाणी सोडून तो धुवावा.

वरची दाढ काढल्यावर प्यायलेले पाणी नाकातून आले, तर तोंड आणि गालामागची हाडातली पोकळी यांच्यात वाट झाल्याची शक्यता असते. नाक जोराने शिंकरू नये आणि त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवावे. बोळा अर्धा तास पुन्हा दाबूनही न थांबणारे रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज किंवा ताप यांसाठीही थांबू नये. पाणीसुद्धा गिळता येत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.