रॅकूनचा जंत

रॅकूनचा जंत (बेलिसास्कॅरिस प्रोसायोनिस) हा उत्तर अमेरिकेतल्या रॅकूनच्या (पट्टेरी शेपटीचा, मांजराहून थोडा मोठा रानटी प्राणी) लहान आतड्यात राहणारा गोल जंत. मादी साधारण २० सेंमी लांब, नर तिच्या निम्मा. त्याचं पहिलं वर्णन मात्र १९५१ साली पोलंडमध्ये झालं, तिथल्या प्राणीसंग्रहालयातल्या रॅकूनवरून.

खुद्द रॅकूनला त्याचा फारसा त्रास नसतो. एक मादी दिवसाला लाखाच्या वर अंडी घालते, ती विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी अंडी धोक्याची नाहीत, २ ते ४ आठवडे गेले की आत अळी तयार होते आणि मग ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, थंडीने मरत नाहीत, ब्लीचनेही नाही, उकळतं पाणी नाहीतर आग हेच उपाय.

यात मुख्य भानगड आहे रॅकूनच्या सवयीची. ठरलेल्या जागीच शौचाला बसायचं, झाडाच्या बुंध्याशी, पडलेल्या ओंडक्यावर, घराच्या छपरावर किंवा माळ्यावर, आणि एकच जागा अनेक रॅकून वापरतात. विष्ठेत न पचलेल्या बिया असतात, त्या वेचायला उंदीर, पक्षी येतात आणि सोबत अंडीही गिळतात. त्यांच्यात अळी आतड्यात थांबत नाही, अंगभर फिरते, मेंदूत शिरली की उंदीर गोल गोल फिरायला लागतो, त्याला धड पळता येत नाही, मग रॅकून त्याला खातो आणि अळी परत हव्या त्या पोटात पोचते. रॅकूनची पिल्लं मात्र थेट अंडी गिळूनच जंत घेतात. अमेरिकेत अ‍ॅलेगेनी वुडरॅट नावाचा उंदीर कमी होत चाललाय, त्यामागचं एक कारण हाच जंत मानतात, कारण हा उंदीर अशा बिया उचलून बिळात साठवतो.

माणसांत केसेस अगदी थोड्या, पण झाली तर वाईट: मेंदूला कायमची इजा, कधी डोळा जातो. जास्त धोका माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना. माणसाच्या पोटात जंत मोठा होतच नाही, त्यामुळे शौचाची तपासणी करून काही कळत नाही. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध देतात, पण ते लक्षणं दिसायच्या आधी दिलं तरच खरा उपयोग.

भारतात रानटी रॅकून नाहीत, तेव्हा इथे काळजी नको. न्यूजर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्यांनी मात्र मुलांचा वाळूचा हौद झाकून ठेवावा. जर्मनीत १९३४ साली रॅकून मुद्दाम सोडले होते, तिथेही आता हा जंत आहे. कधीकधी तो कुत्र्याच्या पोटातही पूर्ण वाढतो, आणि कुत्रा काही शौचाला एकाच जागी बसत नाही, अख्ख्या अंगणात कुठेही.