शिंगरू घरी गेल्यावर पुन्हा का बुजतं?

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून घेतलेलं शिंगरू आमच्या तबेल्यात शिकून घरी जातं, आणि काही दिवसांत फोन येतो: प्लास्टिकची पिशवी फडफडली की पुन्हा उधळतंय. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. शिंगरू उडी मारतं आणि नेमकं तेव्हाच माणूस पिशवी मागे घेतो. घेतो दयेपोटी, पण उडी मारली की भीती टळते हा धडा शिंगराला मिळतो. असं चार-पाच वेळा झालं की ती सवय मोडायला आठवडे जातात.

पिशवी खाली घ्यायची ती पाय थांबल्यावरच, पण मग लगेच. काठीला बांधून दहा-बारा फुटांवरून एका तालात हलवा. कान ताठ करून बघू लागलं की पुढे सरकू नका, ताल बदलू नका. उधळलं तरी तेवढ्याच अंतरावरून हलवत राहा. उभं राहिलं की पिशवी खाली. पुढची खेप आणखी लांबून सुरू करा. मान खाली आली, जबडा हलू लागला, मागचा एक पाय सैल पडला की एक पाऊल जवळ. डाव्या बाजूला जमलेलं उजवीकडे त्याला नवंच वाटतं, म्हणून तिकडे पहिल्यापासून. पंधरा-वीस मिनिटं पुरे. बँड-ताशाची सवयही अशीच, लांबून.

स्वतः त्याच्या खांद्याच्या रेषेत, बाजूला उभे राहा. कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. दोर सुती, बारा फुटी, हाताला न गुंडाळता धरा. खांबाला बांधून हा सराव कधीच नको. दोर ताणला की शिंगरू सगळं वजन मागे टाकतं, मान दुखावते, आणि पुढे नुसतं बांधलं तरी घाबरतं.

काम बंद असेल तर चंदी, म्हणजे दाणा, कमी करा, सुका चारा वाढवा. शांत जनावर अचानक बुजू लागलं तर आधी डॉक्टरांकडून डोळे, दात आणि पाठ तपासून घ्या.

तीन वर्षांखालच्या शिंगरावर आम्ही स्वार बसवत नाही, यावरून काही ग्राहक नाराज होतात. पाठीचे मणके पाच-सहा वर्षांपर्यंत भरत असतात. घाई केली तर पाठ दुखते, आणि दुखऱ्या पाठीचं जनावर शांत राहत नाही.

शिकवणीच्या शेवटच्या दोन दिवसांत रोज सांभाळणाऱ्या मोतद्दारालाच पाठवा. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. मापाची मोरखी (तोंडावर बांधायची दोरी) आणि सुती दोर तबेल्यातच मिळतात.