जुने कपडे की पैसे?

दूरदेशी महापूर आला की एक मेसेज फिरतो: ‘पैसे नकोत, जुने कपडे द्या, वस्तू थेट पोचते.’ त्यामागची कळकळ खरी आहे. १९६१ साली पानशेत धरण फुटलं तेव्हा कोरड्या लुगड्याचं मोल पुण्याने पाहिलंय. पण तेव्हा मदत शेजारच्या पेठेतून येत होती. समुद्रापार जाणाऱ्या गाठोड्याला भाडं लागतं, कस्टम लागतं, कपडे निवडायला माणसं लागतात. भिजलेल्या ढिगाला बुरशी धरते आणि औषधांची खोकी मागे अडकतात. पैशांतून मात्र तिथल्याच बाजारात तांदूळ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या मिळतात, शिवाय तिथला दुकानदारही सावरतो.

पडताळायचंय? पाच किलोची पिशवी कुरियरवाल्याकडे न्या, परदेशाचा दर विचारा आणि तेवढ्या पैशांत किती तांदूळ येतो ते मोजा. पूरग्रस्तांसाठी देवापाशी दिवा जरूर लावा, पण मदत पैशांतच पाठवा. न फाटलेले जुने कपडे इथल्याच गरजूंना द्या.